धर्मशिक्षण वस्तीत आले तेव्हा

पुरोहितशाही नुसत्या पोथीवर टिकत नाही. ती प्रवेशाच्या अटींवर टिकते. धर्म शिकवण्याचा अधिकार कुणाला, त्यासाठी किती वर्षे, कोणत्या भाषेत, कोणत्या वेळी आणि किती पैसे मोजून शिकायचे, हे ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात समाजाचे पुढारपण राहते. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. पुरोहितपण नष्ट झालेलेच बरे. ते शक्य नसेल तर निदान ते वंशपरंपरेने मिळू नये, परीक्षा देऊन सनद मिळवणाऱ्या कुणालाही ते खुले असावे, असे त्यांनी सांगितले.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या आणि स्पॅनिशभाषक कष्टकरी ख्रिस्ती समाजापुढेही होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्याच्या शेजारीच हार्लेम आहे. तिथे पुढे दुकानांच्या गाळ्यांत लहान लहान चर्च उभी राहिली. त्यातले कितीतरी पाद्री दिवसा नोकरी करत आणि रात्री, रविवारी लोकांची सुखदुःखे सांभाळत. पण धर्मशास्त्राच्या पदवीसाठी आधी चार वर्षांचे महाविद्यालय आणि नंतर पूर्णवेळ तीन वर्षे लागत. ज्याच्या खांद्यावर वस्तीचा भार, त्यालाच शिक्षणाचे दार बंद!

१९६९ साली जॉर्ज वेबर न्यूयॉर्क थिऑलॉजिकल सेमिनरीचे अध्यक्ष झाले. ते गोरे होते. पण १९४८ पासून ईस्ट हार्लेमच्या गरीब वस्तीतल्या चर्चच्या कामात होते. त्यांनी सेमिनरीचा जुना निवासी अभ्यासक्रम थांबवला. वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरू लागले. पदवी नसलेल्या, पण प्रत्यक्ष चर्च चालवणाऱ्या पाद्र्यांसाठी प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम निघाले. स्पॅनिशभाषकांनाही दार उघडले. १९७६ साली बोस्टनमध्ये, रॉक्सबरी या काळ्या वस्तीत, एल्डिन व्हिलाफान्ये या प्युर्तो रिकन विद्वानाच्या नेतृत्वाखाली असेच केंद्र सुरू झाले. तिथे इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्ये आणि पुढे पोर्तुगीज व हैतीच्या क्रेओलमध्येही शिकवले गेले.

१९८२ पासून न्यूयॉर्कची ही सेमिनरी सिंग सिंग तुरुंगात कैद्यांसाठी पदव्युत्तर वर्ग चालवू लागली. १९९४ साली अमेरिकन सरकारने कैद्यांची शैक्षणिक मदत बंद केली आणि तुरुंगांतले बहुतेक महाविद्यालयीन वर्ग बंद पडले. हा वर्ग मात्र चालू राहिला.

'पण यामुळे दर्जा घसरतो,' असे कुणी म्हणेल. मित्रहो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. राखीव जागांविरुद्ध ते आपण रोज ऐकतो. वीस वर्षे वस्तीतली मयत, भांडणे, बेकारी आणि व्यसने हाताळणाऱ्या माणसाचा अनुभव ज्या दर्जात मोजला जात नाही, तो दर्जा कुणी ठरवला?

आता आपल्याकडे पाहू. १९५५ साली बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली, ती धम्म घराघरात नेण्यासाठी. आमच्या वस्त्यांमधली लग्ने, नामकरणे, पुण्यानुमोदन बौद्धाचार्य पार पाडतात. पण रोजंदारी बुडवून सलग दहा दिवस शिबिराला जाणे घरकाम करणाऱ्या भगिनीला, रिक्षा चालवणाऱ्या बांधवाला परवडते का? तिला ते जमत नसेल, तर दोष तिच्या श्रद्धेचा नाही, आपल्या वेळापत्रकाचा आहे. आम्ही पुरोहित नाकारले. पण सवड आणि पैसा असलेल्यांनाच धम्म शिकता आला तर तीच भिंत आम्ही नव्याने बांधू.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वस्तीतल्या विहारात रात्रीचे वर्ग भरवा. शुल्क घेऊ नका. लोकांच्या बोलीत शिकवा. महिलांना सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' कपाटातून बाहेर काढून चर्चेत आणा. 'शिका' हा आदेश सर्वांसाठी होता. ज्यांना सुट्टी मिळते त्यांच्यापुरता नव्हता.

जय भीम!