हार्ट अटॅक आणि ऑक्सिजन : प्रत्येक पेशंटला मास्क लागतोच का?

छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला म्हणून अब्बांना दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला, सुई लागली, पण नाकाला ऑक्सिजनची नळी काही लावली नाही. मग घरचे लोक भडकतात : ‘पेशंट एवढा सिरियस आहे आणि तुम्ही साधा ऑक्सिजन लावत नाही?’ 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्यांनी सिलिंडरसाठी रात्र रात्र धावपळ केली, त्यांना असं वाटणं साहजिक आहे. त्या दिवसांत किती तरी मोहल्ल्यांत मशिदींनी आणि तरुणांच्या कमिट्यांनी सिलिंडर पोहोचवले. पण कोरोनात मार फुप्फुसांवर होता. हार्ट अटॅकमध्ये बिघाड दुसऱ्या जागी असतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते आणि तिच्यापुढचा स्नायू मरायला लागतो. फुप्फुसं मात्र बहुतेक वेळा ठीक चाललेली असतात. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, आणि तेवढ्यावर निरोगी फुप्फुसं रक्तातलं हिमोग्लोबिन 95 टक्क्यांच्या वर भरून ठेवतात. म्हणजे गच्चीवरची टाकी भरलेली आहे, तुंबलाय तो पाइप. टाकीत आणखी पाणी ओतून खाली नळाला पाणी कसं येणार? पाइप मोकळा करायला लागतो. त्यासाठी अँजिओप्लास्टी आहे, नाही तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन.

उलट गरज नसताना दिलेल्या जादा ऑक्सिजनने हृदयाच्या धमन्या थोड्या आकसतात, हे तपासण्यांत दिसलेलं आहे.

तरीही शंभर वर्षं जवळजवळ सगळ्यांनाच मास्क लागत होता. 1900 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने छातीच्या दुखण्यात ऑक्सिजनने आराम पडल्याचं लिहिलं आणि ती रीतच पडून गेली. तिची नीट परीक्षा व्हायला 1976 साल उजाडलं. ब्रिटनमधल्या त्या अभ्यासात अटॅक पक्का झालेले 157 पेशंट होते. ऑक्सिजन मिळालेल्या 80 पैकी 9 दगावले, साधी हवा मिळालेल्या 77 पैकी 3. आकडे लहान, त्यामुळे ऑक्सिजननेच नुकसान झालं असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. पण फायदाही दिसत नव्हता, आणि तरी पुढची कित्येक वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही, याचं नवल वाटतं.

2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा अभ्यास आला. मोठा अटॅक असलेल्या 441 पेशंटपैकी निम्म्यांना मिनिटाला 8 लिटर ऑक्सिजन दिला. त्यांच्यात दवाखान्यात असतानाच पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण 5.5 टक्के निघालं, ऑक्सिजन न दिलेल्यांत 0.9 टक्के. मग 2017 मध्ये स्वीडनने 6,629 पेशंटवर हाच प्रश्न तपासला. वर्षभरात मरण पावलेले ऑक्सिजनच्या गटात 5.0 टक्के, साध्या हवेच्या गटात 5.1. म्हणजे फरक नाहीच. न्यूझीलंडमध्ये 40 हजारांहून जास्त पेशंटच्या पाहणीतही एकंदर मृत्यूंमध्ये फरक निघाला नाही. युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी 2017 मध्येच नियम बदलला : रक्तातला ऑक्सिजन 90 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरसकट ऑक्सिजन देऊ नका.

याचा अर्थ ऑक्सिजन वाईट असा कोणी काढू नये. आकडा 90 च्या खाली गेला, फुप्फुसांत पाणी भरून दम लागला किंवा पेशंट शॉकमध्ये गेला, तर ऑक्सिजन लागतोच आणि तो लगेच मिळायला हवा. ज्यांना बिडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने फुप्फुसांचा जुना आजार जडलाय, त्यांना मात्र तोलून मापून, आकडा साधारण 88 ते 92 राहील एवढाच देतात. जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. म्हणून अशा जुन्या आजाराची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा.

आता आकडा दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरबद्दल. बोटं गार पडली असतील तर तो चुकतो. नेलपॉलिश, आणि खास करून काळी मेंदी लावलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो किंवा काहीच दाखवत नाही. ईद-लग्नाच्या दिवसांत अम्मी-खालांच्या दहाही बोटांना मेंदी असते, तेव्हा क्लिप कानाच्या पाळीला लावा असं नर्सला सांगायला हरकत नाही. सावळ्या-काळ्या रंगाच्या माणसांत हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हेही लक्षात असू द्या.

कोरोनात घेतलेला सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर बऱ्याच घरांत अजून पडून आहे. छातीत दुखायला लागल्यावर तो शोधत, जोडत बसलात तर धमनी मोकळी करायची वेळ हातातून जाते. आधी 108 ला फोन करा, पेशंटला बसवून ठेवा, चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव नसेल, तर फोनवर विचारून 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. आणि घरी ऑक्सिजन चालू असेल त्या खोलीत लोबान, अगरबत्ती, बिडी अजिबात नको. ऑक्सिजनमध्ये आग झटक्यात भडकते.

रमजानमध्ये आणखी एक घोटाळा होतो. दुपारी छाती जड झाली तर ‘ॲसिडिटी असेल, इफ्तारनंतर बघू’ म्हणत लोक तीन-चार तास काढतात. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिलेली आहे (सूरह बकरा, 184-185), त्यामुळे गोळी चावायला संध्याकाळची वाट बघायचं कारण नाही. ऑक्सिजनचं म्हणाल तर जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1997 च्या ठरावात, ऑक्सिजन वायू घेतल्याने रोजा तुटत नाही, असं म्हटलंय. छातीच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायच्या गोळीबद्दलही तेच, फक्त विरघळलेलं गिळू नये अशी अट आहे.