काचेची पिचकारी आणि पिंपरीचें पेनिसिलीन

पेनिसिलीनच्या इतिहासांतील एक प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांस सांगितला कीं ते प्रथम हंसतात. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें अल्बर्ट अलेक्झांडर ह्या पोलीस शिपायास हें औषध टोचण्यांत आलें. सांठा इतका तोकडा होता कीं, रोग्याच्या मूत्रांतून वाहून गेलेलें पेनिसिलीन पुन्हा काढून त्यासच टोचावें लागे. बुरशी वाढविण्याचीं भांडींही रुग्णालयांतील शौचपात्राच्या धर्तीवर घडविलेलीं होतीं. सांठा सरला आणि मार्चमध्यें तो रोगी दगावला. येथें हंसणारे गप्प होतात.

वस्तु टाकून न देतां तिचा पुनःपुन्हा उपयोग व्हावा, अशाच रीतीनें ती मुळांत घडवावी, ह्या विचारास हल्लीं ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. वैद्यकीय साधनांस तो लावूं गेल्यास काय होतें, हें पाहावयाचें तर पिंपरीपासून आरंभ करणें बरें.

१९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें तेथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढल्या वर्षीं पेनिसिलीन निघूं लागलें. औषध नवें, पण तें टोचण्याचें साधन जुनेंच : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें निघालेली ल्यूर पद्धतीची काचेची पिचकारी. आमच्या लहानपणींही गांवच्या डॉक्टरांकडे ती स्टोव्हवरील भांड्यांत खदखदत असे. त्या आवाजानेंच आमचें अर्धें दुखणें पळे! ही पिचकारी वर्षानुवर्षें टिके. सुई बोथटली कीं दगडावर घासून तिला धार करीत, तुंबली कीं बारीक तार घालून मोकळी करीत. प्रोकेन पेनिसिलीनसारखें दाट औषध तर ती हटकून तुंबवी. परंतु जुन्या घडणींत एक मोठें वैगुण्य होतें. नळी आणि दट्ट्या एकमेकांवर घासून जुळविलेले असत, म्हणून दोहोंवर एकच क्रमांक घालीत. एका जोडीचा दट्ट्या दुसऱ्या नळींत नीट बसत नसे; त्यामुळें एक फुटलें कीं दुसरेंही फुकट. पुढें कोणताही दट्ट्या कोणत्याही नळीस चालेल अशा पिचकाऱ्या निघाल्या, तेव्हां कोठें हा अपव्यय थांबला. वापरणारानें कितीही जपलें तरी घडविणाराच्या चुकीस त्याचा इलाज नव्हता.

१९५६ मध्यें न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक ह्या औषधविक्रेत्यानें एकदां वापरून टाकावयाच्या पिचकारीचें पेटंट मिळविलें. तसल्या पिचकाऱ्यांनीं कचरा वाढला हें खरें. परंतु जुन्या काळाचे गोडवे गाणारांनीं मोडासा विसरूं नये. २००९ सालीं गुजरातेंतील त्या गांवच्या परिसरांत वापरलेल्या सुया-पिचकाऱ्या पुन्हा वापरल्यानें ‘ब’ प्रकारची कावीळ पसरली व अनेकांचे प्राण गेले. उकळण्यासाठीं केलेली काच आणि फेकण्यासाठीं केलेलें प्लॅस्टिक यांचे धर्म निराळे. दुसऱ्यावर पहिल्याची काटकसर लादणें हा घात होय.

याच्या उलट बाजूचें उदाहरण मुंबईचें आहे. मृतांच्या देहांतून काढलेले व अमेरिकेंत दान मिळालेले १२१ पेसमेकर तपासले असतां त्यांपैकीं ५३ यंत्रांच्या बॅटरींत पुरेशी शक्ति शिल्लक आढळली. तीं निर्जंतुक करून होली फॅमिली रुग्णालयांत गरीब रोग्यांस बसविण्यांत आलीं. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, पुढील पाहणींत जंतुसंसर्ग वा यंत्राचा बिघाड आढळला नाहीं. ज्यास नवें यंत्र घेणें शक्यच नव्हतें, त्याच्या दृष्टीनें ही गोष्ट केवढी!

आतां चाकणच्या पट्ट्यांत फिलिप्सच्या कारखान्यांत हृद्रोगाच्या तपासणीचीं क्ष-किरण यंत्रें तयार होतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं अशा वैद्यकीय साधनांच्या अखेरची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. शरीरांत बसविलेलीं व दूषित झालेलीं साधनें मात्र त्यांतून वगळलेलीं आहेत. दूषित साधनांचें कारण उघड आहे. पण ज्या पेसमेकरची बॅटरी अजून कित्येक वर्षें चालावयाची आहे, त्यासही त्याच ओळींत कां बसवावें, हें आमच्या मनास अद्याप पटलेलें नाहीं.