मोटारसायकलीच्या फटाक्यांचें कूळ आणि मूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असा आपल्याकडे संकेत आहे. यंत्राची गोष्ट मात्र निराळी. तेथें बिघाडाचें मूळ हातीं लागावयाचें असेल, तर पुष्कळदां यंत्राचें कूळच शोधावें लागतें. जुन्या मोटारसायकलीचें एक दुखणें अनेक श्रोत्यांच्या परिचयाचें असेल. गाडी वेगानें जात असते, उतार लागतो, चालक थ्रॉटल मिटतो, आणि तत्क्षणीं सायलेन्सरमधून फटाफट बार निघूं लागतात. भर वेगांत जें एंजिन सुरळीत चालत होतें, तें विसाव्याच्या क्षणींच कां कुरकुरावें? याचें उत्तर कार्ब्युरेटरच्या इतिहासांत आहे.

पेट्रोल नीट जळावयास वजनाच्या मानानें एका भागास सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें प्रमाण राखणें हेंच कार्ब्युरेटरचें काम. १८८५ सालीं जर्मनींतील कानश्टाट येथें गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याची दुचाकी बांधली. तिचें एंजिन अवघ्या अर्ध्या अश्वशक्तीचें होतें. पेट्रोलाला हवेचा स्पर्श घडवावा आणि उठेल ती वाफ हवेबरोबर सिलिंडरांत न्यावी, अशी त्या काळची रीत होती. परंतु वाफ उठणें हें उष्णतामानावर अवलंबून. शिवाय पेट्रोलांतील हलका अंश आधीं उडून जाई आणि जड अंश मागें राही. अशा स्थितींत प्रमाण टिकावें कसें?

या अडचणीवरील तोड १८९३ मध्यें निघाली. बुडापेस्ट येथील डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीं त्या वर्षाच्या फेब्रुवारींत पेटंटासाठीं अर्ज केला. मायबाखचा अर्ज ऑगस्टमधला. वाफेची वाट न पाहतां बारीक तोटींतून पेट्रोलाचे तुषार हवेच्या झोतांत सोडावयाचे, ही कल्पना दोहोंकडे सारखीच. फुलांवर पाणी शिंपडणारी मुलगी पाहून बुडापेस्टच्या या जोडीला ती सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कागदोपत्रीं पहिला मान या दोघांचा. कीर्ति मात्र पुष्कळ काळ मायबाखच्याच वांट्यास आली. यामागील तत्त्व त्याहूनही जुनें. नळी अरुंद झाली कीं प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हें इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यानें १७९७ मध्येंच विवरून सांगितलें होतें.

तरीही एक उणीव उरली. हवेचा ओढा वाढला कीं साध्या तोटींतून पेट्रोल प्रमाणाबाहेर येई. ओढा घटला कीं तें अपुरें पडे. फ्रान्समधील बाव्हेरे यानें १९०६ मध्यें दुसरा पूरक जेट जोडून हा दोष सावरला. इंग्लंडांत १९२७ मध्यें तीन कारखाने एकत्र येऊन बर्मिंगहॅमची अ‍ॅमल कंपनी निघाली. तिच्या कार्ब्युरेटरांत कामाची वांटणी एखाद्या कचेरीसारखी चोख असे. थ्रॉटल सुमारें एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटचा अंमल. तेथून पाव भागापर्यंत सरकत्या झडपेच्या कापाचा. पुढें पाऊण भागापर्यंत निमुळत्या सुईचा. आणि अखेरीस मुख्य जेटचा.

आतां उतारावरील बारांचें मूळ उलगडतें. थ्रॉटल मिटला तरी चाक एंजिनाला फिरवीतच राहतें. आंत येणारी हवा थोडी, मागील जळका वायु मात्र सिलिंडरांत बराचसा शिल्लक. अशा वेळीं पायलट जेटमधून येणारें पेट्रोल कमी पडलें, तर ठिणगी पडूनही मिश्रण पेट घेत नाहीं. तें न जळतां तापलेल्या एक्झॉस्ट नळींत जातें. नळीचा सांधा सैल असेल तर तेथून बाहेरची ताजी हवा आंत शिरते. पुढच्या खेपेची ज्वाला तेथें पोंचली कीं बार होतो.

म्हणूनच फटाके ऐकतांच मुख्य जेट मोठा बसविणें म्हणजे एकाच्या अपराधासाठीं दुसऱ्यास शिक्षा. मुख्य जेटचा अंमल त्या घटकेस चालूच नसतो. मग फटाके राहतात ते राहतातच. वर पेट्रोल जास्त जळतें आणि प्लगवर काजळी धरते. शहाणा कारागीर प्रथम एक्झॉस्टचा सांधा पाहतो, नंतर कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधील जोड. त्यानंतर पायलट जेट स्वच्छ करतो, आणि एंजिन चांगलें तापल्यावरच पायलटच्या स्क्रूला हात लावतो. जुन्या अ‍ॅमलमध्यें हा स्क्रू हवेचा. तो आंत फिरविला कीं मिश्रण दाट होतें. इतर कांहीं कार्ब्युरेटरांत तो पेट्रोलाचा असतो आणि तेथें रीत नेमकी उलटी. कूळ ओळखल्यावांचून उपचार करूं नये, तो यासाठींच.

पुढें धुराचे निर्बंध आले. अमेरिकेंत मोटारसायकलींना ते १९७८ पासून लागू झाले. हवा शुद्ध राहावी म्हणून मंद चालीचें मिश्रण विरळ ठेवावें लागलें, आणि फटाक्यांना निमित्त मिळालें. त्यावर थ्रॉटल मिटतांच पायलटची हवा रोखून मिश्रण दाट करणारी झडप कित्येक कार्ब्युरेटरांत बसविण्यांत आली. भारतांत १ एप्रिल २०२० पासून कडक नियम अंमलांत आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर निघून गेला; त्याची जागा विजेच्या आज्ञेनें पेट्रोल फवारणाऱ्या योजनेनें घेतली.

जुन्या गाड्या मात्र अजूनही घराघरांतून जपल्या जातात. त्यांचा फटाका ही नुसती कुरकुर नव्हे; ती तक्रार आहे, आणि कोणाविरुद्ध आहे हेंही ती स्वच्छ सांगते. बार कोणत्या क्षणीं होतो एवढेंच ऐकणाऱ्यानें ध्यानांत घ्यावें, म्हणजे हत्यार कोठें लावावयाचें हें निराळें विचारावें लागत नाहीं.