अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांची कार्यक्लांती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आरोग्यसेवेच्या इतिहासात रुग्णालये, खाटा व यंत्रे यांची नोंद सापडते. सेवा देणाऱ्यांच्या थकव्याची नोंद क्वचितच आढळते. हा थकवा व्यक्तीचा दुबळेपणा आहे की व्यवस्थेचा दोष, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनयंत्रे अपुरी पडली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीनुसार सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रबरी पिशव्या हातांनी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. याच अनुभवातून अतिदक्षता विभाग आकारास आला. हे काम पाळीपाळीने झाले, ही बाब महत्त्वाची आहे. हात बदलत राहिले म्हणूनच श्वास अखंड राहिला.

पुढे यंत्रांनी हातांचे श्रम हलके केले. परंतु अहोरात्र पहारा आणि मृत्यूचे सान्निध्य टळले नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी सेवाक्षेत्रातील अशा अवस्थेस ‘बर्नआउट’ म्हटले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला रोग न मानता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन व नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम मानले.

महाराष्ट्रात रुग्णसेवेकडे त्याग म्हणून पाहण्याची परंपरा दृढ आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. या त्यागाविषयीचा आदर यथार्थच आहे. मात्र तो कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचा मापदंड ठरू शकत नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेने सामान्यतः सलग १२ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने आठवड्यास कमाल ७४ तास सुचविले. तीन दशकांत सुधारणेची अपेक्षाच खाली आली, असा याचा अर्थ होतो.

वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न निकटचा आहे. १९९८ साली हा जिल्हा स्वतंत्र झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ मध्ये सुरू झाले. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासूनचे आहे. रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावच्या अत्यवस्थ रुग्णास तालुका व जिल्हा ओलांडून दूरची वाट धरावी लागते, तेव्हा अनेक तालुक्यांचा भार मोजक्या प्रशिक्षित हातांवर येतो.

सारांश, नव्या महाविद्यालयामुळे खाटा वाढतील. पण प्रत्येक खाटेमागे किती परिचारिका व त्यांना किती विश्रांती, हेही त्याच नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. कोपनहेगनचा धडा हाच आहे.