दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ साली राज्य गेल्यावरही ती काही काळ चालू राहिली. पुढे तिच्यातील द्रव्य आधुनिक शिक्षणाकडे व मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळविण्यात आले, आणि पदवीधरांना अधिक अध्ययनासाठी 'दक्षिणा फेलोशिप' मिळू लागली. दानाचे विद्येच्या साधनात झालेले हे रूपांतर ज्ञातिसंस्थांनी मनन करावे असे आहे.

१९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावती कर्वे याच फेलोशिपच्या आधाराने मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकू लागल्या. चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीवर, प्रबंध लिहून त्या १९२८ साली एम.ए. झाल्या. त्यानंतर बर्लिनला जाण्याचे ठरले, तेव्हा स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू असलेले त्यांचे श्वशुर महर्षी कर्वे यांनाही ते रुचले नाही. पती दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले, आणि डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून मिळालेल्या कर्जामुळे प्रवास घडला. तेथे मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो वंशभेदाचा पुरस्कार करणाऱ्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध होता. तरीही तो त्यांनी निर्भयपणे मांडला व १९३० साली पीएच.डी. संपादन केली.

अर्थशास्त्रातील उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ च्या मे महिन्यात तेथे त्यांनी वाचलेल्या निबंधात जातिसंस्थेचे मूळ ज्ञातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात असल्याचे प्रतिपादन केले होते. पुढे लंडनमध्ये अध्ययन चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून शिल्लक टाकलेला पैसा व शाहू महाराजांचे साह्य यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्‌सी. झाले. तीन वर्षांचा तो खंड केवळ द्रव्याभावी पडला होता!

रसायनशास्त्रात कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील कमलाबाई सोहोनी, यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. आग्रह धरल्यावर वर्षभराच्या परीक्षणाची अट घालून तो मिळाला. तेथे दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास करून पुढे त्या केंब्रिजला गेल्या, आणि वनस्पतींतील श्वसनक्रियेशी संबंधित द्रव्यावरील कार्यासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. स्वदेशी परतल्यावर नीरेसारख्या गोरगरिबांच्या पेयाचे पोषणमूल्य हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला.

शास्त्रे तीन, परंतु अडचण एकच. परीक्षेतील गुण एका दिवसात जाहीर होतात. संशोधनाचे फळ मात्र वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही. शिष्यवृत्ती संपण्याचा, आप्तांचा धीर सुटण्याचा आणि मनात शंका उत्पन्न होण्याचा काळ तोच होय.

गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार ज्ञातिसंस्था नेमाने करतात, व ते योग्यच आहे. परंतु पदवीनंतरच्या एखाद्या संशोधकास, मग तो इतिहासाचा असो, शेतकीचा असो वा गणिताचा, प्रबंध पुरा होईपर्यंत अखंड साह्य देणारा निधी उभारणे हे त्याहून मोठे कार्य ठरेल. त्यास अट एकच असावी : संशोधकाने आपले कार्य ज्ञातिबांधवांस सुबोध मराठीत सांगावे. निष्कर्ष काय निघावा याविषयी मात्र कोणतीही अट नसावी. प्रसंगी तो आपल्या ज्ञातीच्या रूढ समजुतींविरुद्ध, किंबहुना ज्ञातिसंस्थेविरुद्धही जाईल. तोही शांतपणे ऐकून घेण्याची तयारी असेल, तरच आपले दान विद्येला पोचले असे म्हणता येईल.