जोंधळ्याची भाकरी आणि एक पहारेकरी विकर

पुण्याच्या पूर्वेस शिरूर, दौंड, इंदापूर या तालुक्यांत पाऊस बेताचाच. तेथील रब्बी जोंधळ्याची भाकरी पुणेकरांच्या ताटांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. या साध्या धान्याविषयीं १९६० सालीं हैदराबादेस एक चमत्कारिक प्रश्न उपस्थित झाला.

पेलाग्रा हा रोग अमेरिकेंत मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जाई. उन्हांत उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, अतिसार आणि अखेर बुद्धिभ्रंश, हें त्याचें स्वरूप. नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हें त्याचें कारण होय, असें १९३७ नंतर निश्चित झालें. दख्खनच्या पठारावर मात्र तोच रोग जोंधळ्यावर गुजराण करणाऱ्यांस होत होता, आणि जोंधळा कांहीं मक्याइतका निकस नव्हे! कुन्नूरहून १९५८ सालीं हैदराबादेस आलेल्या पोषण-प्रयोगशाळेंतील सी. गोपालन व श्रीकांतिया यांनीं या दोन धान्यांत समान काय, तें पाहिलें. दोहोंतही ल्यूसीन नांवाचें अमिनो-अम्ल फार. हें अधिक्यच नायसिनच्या व्यवहारांत बिघाड करतें, असा त्यांचा तर्क होता.

ल्यूसीन, आयसोल्यूसीन व व्हॅलीन हीं तीन भावंडें. तिघांचेंही ज्वलन शरीरांत एकाच भट्टींत होतें. या भट्टीच्या दाराला कडी लावणारें एक विकर आहे. तें भट्टीवर फॉस्फेटचा कण चिकटवून तिचें काम थांबवितें. अशा विकरांस कायनेज म्हणतात. ही कडी असल्याचा सुगावा १९७८ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या फिलिप रँडल यांच्या प्रयोगांतून लागला, व १९९२ सालीं इंडियानापोलिस येथें रॉबर्ट हॅरिस यांच्या प्रयोगशाळेंत त्याचा जनुक हातीं आला.

ल्यूसीन वाढलें कीं त्यापासून होणारें एक अम्ल या कायनेजला निष्प्रभ करतें. कडी निघते, भट्टी पेटते; पण तींत एकटें ल्यूसीन जळत नाहीं, सोबतचीं दोन्ही भावंडेंही जळतात आणि रक्तांत त्यांची चणचण भासूं लागते. हें कळण्यापूर्वींच, १९७१ सालीं, कमला कृष्णस्वामी व गोपालन यांनीं पेलाग्राच्या रोग्यांस आयसोल्यूसीन देऊन पाहिलें होतें. त्वचेवर व मेंदूच्या विद्युत्‌लहरींवर त्याचा इष्ट परिणाम झाल्याचें त्यांनीं नमूद केलें. तथापि ल्यूसीन हेंच पेलाग्राचें मूळ, हें मत सर्वमान्य झालें नाहीं. इतरत्र केलेल्या कांहीं प्रयोगांत तसा परिणाम आढळला नाहीं. भाकरीबरोबर डाळ व दूध मिळणाऱ्या घरांस तर भय बाळगण्याचें कारणच नाहीं.

ही कडी जन्मतःच नसेल तर काय होतें, हें २०१२ सालीं उघड झालें. कांहीं कुटुंबांतील मुलांत हा जनुकच बिघडलेला होता. त्यांची भट्टी अहोरात्र पेटलेली. तिन्ही अमिनो-अम्लें रक्तांत खालावलेलीं. आणि त्या मुलांस अपस्मार व स्वमग्नता यांनीं ग्रासलें होतें. तोच दोष असलेल्या उंदरांच्या आहारांत तीं अम्लें वाढवितांच त्यांचे मेंदूविषयक विकार सुधारले.