स्टेपनी : मोटारीच्या अडचणींचा इतिहास

मोटारीच्या डिकींत एक जादा चाक ठेवलेलें असतें. त्याला आपण 'स्टेपनी' म्हणतों. मुंबईचा सुशिक्षित मालक काय किंवा सोलापूरच्या रस्त्यावर मालमोटार हांकणारा चालक काय, दोघांच्याही तोंडीं हा शब्द सारखाच रुळलेला आहे. तो इंग्रजी असावा अशी आपली समजूत असते; पण आज इंग्लंडांतल्या एखाद्या मोटारवाल्यापुढें तो उच्चारला, तर त्याला बहुधा त्याचा बोध होणार नाहीं. ह्या शब्दाचें मूळ वेल्समधील लॅनेली ह्या गांवीं आहे. तेथील स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर डेव्हिस आडनांवाच्या दोघां भावांचें लोखंडी सामानाचें दुकान होतें. १९०४ सालीं त्यांनीं एक युक्ति काढली. हवा भरलेला टायर चढविलेली, पण आरे नसलेली अशी एक जादा धांव त्यांनीं तयार केली. वाटेंत चाक पंक्चर झालें कीं ती धांव त्या चाकालाच बाहेरून आवळून बसवावी आणि गाडी पुढें न्यावी. तसलें चाक आतां कोणी वापरीत नाहीं. नांव मात्र आपल्याकडे, माल्टा बेटांत आणि थोड्या निराळ्या रूपानें ब्राझीलमध्यें टिकून आहे.

एका शब्दांत एका काळाची विवंचना अशी सांठवलेली असते. मोटारीचा इतिहास आपण बहुधा वेगाचा, शर्यतींचा आणि मोठमोठ्या कारखानदारांचा इतिहास म्हणून वाचतों. मी तो आज दुसऱ्या बाजूनें, रस्त्याच्या कडेला बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाजूनें, सांगणार आहें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या दारांत मोटार आहे त्यांना ह्या इतिहासांतून चार उपयोगाच्या गोष्टीही मिळतील.

ह्या इतिहासाचा आरंभ एका गृहिणीपासून होतो. जर्मनींतील कार्ल बेंझ ह्यानें १८८६ सालीं आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट घेतलें. पण लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बेर्था हिनें नवऱ्याला न सांगतां गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरीं जावयास निघाली. अंतर सुमारें १०५ किलोमीटर. वाटेंत इंधन संपलें, तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून तिनें लिग्रोइन नांवाचा द्रव विकत घेतला. इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील वेष्टण झिजलें, तेथें मोज्याचा बंद गुंडाळला. एंजिन थंड ठेवण्याचें पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून जागोजागीं तें भरून घ्यावें लागलें. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. उतारावर ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. परत आल्यावर तिनें नवऱ्याला सुचविलें कीं, चढासाठीं आणखी एक गिअर हवा. आणि तो त्यानें बसविला.

इंधन, पाणी, ब्रेक, ठिणगी आणि चढ ह्या पांच गोष्टी त्या एका दिवसांत तिच्या अनुभवास आल्या. पुढील सव्वाशें वर्षांत मोटार पार पालटून गेली, तरी मालकाच्या काळजीची यादी फारशी पालटली नाहीं. त्या यादींत एकच मोठी भर पडली. ती म्हणजे रबराचा टायर.

हवा भरलेल्या धांवेचें पेटंट रॉबर्ट टॉमसन ह्यानें १८४५ सालींच घेतलें होतें. पण तें विस्मृतींत गेलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन डनलॉप ह्यानें आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठीं तीच कल्पना नव्यानें प्रत्यक्षांत आणली. मोटारीवर असा टायर चालेल हें दाखविण्यासाठीं मिशलां बंधूंनीं १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतींत आपली गाडी उतरविली. पंक्चर काढतां काढतां त्यांची पुरेवाट झाली आणि बक्षीस कांहीं मिळालें नाहीं. पण हवेवर चालणारी गाडी शेंकडों मैल जाऊं शकते, हें सिद्ध झालें. त्या काळीं रस्त्यांवर घोडागाड्यांची वर्दळ असे आणि घोड्यांच्या नालांचे खिळे जिकडेतिकडे पडलेले असत. खिळा लागला कीं मालकानें खालीं उतरून, टायर धांवेवरून ओढून, ट्यूब काढून, ठिगळ लावून, हातपंपानें हवा भरावयाची. पावसांत वा काळोखांत हें काम किती जिकिरीचें असेल ह्याची कल्पना करावी. १९०० सालीं मिशलां बंधूंनीं फुकट वांटलेलें मार्गदर्शक पुस्तक आज उपाहारगृहांना तारे देण्याबद्दल जगप्रसिद्ध आहे. पण त्याचा मूळ हेतु टायर कसा बदलावा, मिस्त्री कोठें मिळेल आणि इंधन कोठें मिळेल हें सांगण्याचा होता. अशा वेळीं डेव्हिस बंधूंचें जादा चाक लोकांना वरदानासारखें वाटलें ह्यांत नवल नाहीं.

परंतु येथेंच ह्या इतिहासांतली मुख्य गोष्ट दृष्टीस पडते. अडचणीवर सोय निघाली कीं माणूस अडचण विसरतो. आणि अडचणीबरोबर ती टाळण्यासाठीं घ्यावयाची काळजीही विसरतो. स्टेपनी डिकींत आहे एवढ्यावर आपण निर्धास्त असतों. तिच्यांत हवा आहे कीं नाहीं हें, ती काढण्याची वेळ येते त्या रात्रीं कळतें. चार चाकांची हवा पाहतांना पांचव्याचीही पाहावी, हा नियम जितका साधा तितकाच दुर्लक्षित आहे. शिवाय अलीकडच्या कित्येक गाड्यांतून जादा चाक काढून टाकून त्याच्या जागीं पंक्चर बुजविण्याची पेटी दिलेली असते. आपल्या गाडींत दोहोंपैकीं काय आहे तें घरीं असतांनाच पाहून ठेवावें.

टायरच्या हवेविषयीं आपल्याकडे एक गैरसमज फार बळकट आहे. उन्हाळ्यांत हवा तापून फुगते, म्हणून ती कमी भरावी, असें अनुभवी म्हणविणारे चालकही सांगतात. वस्तुतः परिणाम उलटा होतो. हवा कमी असली कीं टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वांकतात, त्या वांकण्यानें रबर आंतून तापतें, आणि वेगांत असतांना तें एकाएकीं फुटतें. किती हवा भरावी हें बहुतेक गाड्यांच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेलें असतें. तो आंकडा गार टायरचा असतो. तेव्हां सकाळीं, गाडी फार चालण्यापूर्वीं, तेवढी हवा भरावी आणि तापल्यावर ती सोडूं नये. हें केवळ टायरच्या खर्चाचें गणित नव्हे. मुंबई आणि नागपूर ह्यांना जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२२ पासून २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्यानें खुला झाला. त्या सरळ, तापलेल्या कॉंक्रीटवर टायर फुटून माणसें दगावलीं, तेव्हां प्रवेशाच्या ठिकाणीं गाड्यांचे टायर तपासण्याची पाळी परिवहन खात्यावर आली. रस्ता नवा होता. अडचण मात्र १८९५ चीच होती.

दुसरी अडचण गाडी सुरू करण्याची. 'हँडल मारणें' हा वाक्प्रचार वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडीं अद्याप ऐकूं येतो. एंजिनच्या पुढील तोंडांत वांकडी लोखंडी कांब घालून ती हातानें फिरवावी लागे. ठिणगी वेळेआधीं पडली तर एंजिन उलट झटका देई आणि कांब परत फिरून मनगट मोडी, प्रसंगीं जबडाही. म्हणून जाणते लोक नवशिक्याला पहिला धडा देत तो असा, कीं अंगठा कांबेभोंवतीं गुंडाळूं नये, तो बोटांच्याच बाजूला ठेवावा. ह्या संकटांतून सोडविलें चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन संशोधकानें. त्यापूर्वीं त्यानें दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. क्षणभर मोठा जोर देणारी लहान मोटर करतां येते हें त्या कामांत त्यानें ओळखलें, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत विजेचा 'सेल्फ' आला. ज्यांच्या मनगटांत हँडल फिरविण्याचें बळ नव्हतें अशा स्त्रीपुरुषांना मोटार स्वतः हांकण्याचा मार्ग त्यामुळें मोकळा झाला.

सेल्फबरोबर मालकाची सत्ता मात्र बॅटरीच्या हातीं गेली. आपल्याकडील ॲम्बॅसडर गाडींत सेल्फ रुसला तर हँडलाचा आधार असे. आजच्या गाडीला तोही नाहीं, आणि आपोआप गिअर बदलणारी गाडी तर ढकलूनही सुरू होत नाहीं. सुदैवानें बॅटरी सहसा न सांगतां जात नाहीं. सकाळीं सेल्फचा आवाज जड, रेंगाळता येऊं लागला, दिवे मंद झाले, कीं ती सूचना समजावी. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरीहिरवी बुरशी धरली असेल तर ती स्वच्छ करून तारा घट्ट आवळाव्या. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें.

ह्याच केटरिंगच्या प्रयोगशाळेंत तिसऱ्या अडचणीवर उपाय निघाला, आणि तो उपाय मूळ दुखण्याहून भयंकर ठरला. चढावर एंजिनांत टकटक असा आवाज येई. त्यानें शक्ति वायां जाई आणि यंत्राची हानि होई. केटरिंगचा सहकारी टॉमस मिज्ली ह्यानें १९२१ च्या डिसेंबरांत शोधून काढलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलमध्यें अत्यल्प प्रमाणांत मिसळलें तर आवाज थांबतो. अल्कोहोलनेंही तो थांबतो हें त्या मंडळींना ठाऊक होतें. पण शिशाचा मार्ग स्वस्त आणि पेटंटयोग्य होता. १९२३ सालीं असें पेट्रोल विक्रीस आलें. दुसऱ्याच वर्षीं न्यू जर्सी येथील कारखान्यांत त्या संयुगाच्या विषानें पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. थोडे दिवस विक्री थांबली आणि मग पुन्हां सुरू झाली ती कित्येक दशकें चालली. शिसें रस्त्यांवरील धुरांतून सर्वांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तांत गेलें आणि त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर त्याचा घाला पडला. आपल्या देशांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांत सर्वांत शेवटीं अल्जीरियानें तें २०२१ सालीं बंद केलें. एंजिनचा आवाज कसा थांबेल एवढेंच विचारलें गेलें. तो धूर कोणाच्या छातींत जाईल हें विचारणाऱ्यांचें म्हणणें बाजूला सारलें गेलें. प्रत्येक सोयीचें मोल कोणी तरी देत असतो, हें मालकानें विसरूं नये.

शेवटची अडचण आपल्या सह्याद्रीची. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. ज्या धनगरानें इंग्रजांना घाटाची वाट दाखविली असें परंपरा सांगते, त्या शिंग्रोबाचें देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि येणारेजाणारे तेथें नाणें वाहतात. मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. त्यापूर्वीं उन्हाळ्यांत ह्या घाटांत बॉनेट उघडून, वाफा टाकीत उभ्या राहिलेल्या फियाट गाड्या हें नित्याचें दृश्य होतें. पाणी उकळलें तर गाडी बाजूला घेऊन थांबावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांहूनही अधिक तापलेलें असतें, आणि झांकण सैल होतांच तें तोंडावर उसळतें.

चढापेक्षां उतार अधिक घातक. पेट्रोल वांचवावें म्हणून गिअर काढून गाडी उतारावर सोडणें हा जुना आणि जीवघेणा मोह आहे. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि ऐन वळणावर धरीत नाहींत. एंजिन बंद केलें तर ब्रेकला व सुकाणूला मिळणारी यंत्राची मदतही जाते. त्यांत वांचतें तें पेट्रोलही नांवालाच. कारण आधुनिक एंजिन, गिअर घातलेला असून पाय उचललेला असतांना, इंधन जवळजवळ घेतच नाहीं. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, हें जुन्या चालकांचें वचन आजही खरें आहे. उतारावर चामडें शोधीत फिरलेल्या बेर्थाला तें पटलें असतें.

आजची मोटार फार समंजस झाली आहे. हवा कमी झाली, तेल कमी झालें, एंजिन तापलें, तर ती दिवा लावून सांगते. पण तो दिवा काळजीची जागा घेऊं शकत नाहीं. काळजी चुकली एवढेंच तो सांगतो. तेव्हां आठवड्यांतून एकदां, सकाळच्या थंड वेळीं, पांच मिनिटें काढावीं. बॉनेट उघडून तेल आणि पाणी पाहावें, ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी, पुढचेमागचे दिवे लावून बघावे, पांचही टायरांवरून हात फिरवावा. ह्याला मिस्त्री लागत नाहीं आणि पैसाही लागत नाहीं. गाडींत आपण एकटे नसतों. मागच्या आसनावर मुलेंमाणसें असतात आणि रस्त्यावर पायीं चालणारे परके लोक असतात. त्यांचा जीव आपल्या ह्या पांच मिनिटांवर अवलंबून असतो.